आज्ञेतील हरवलेला कर्ता : हकालपट्टी व संहार यांच्या शासकीय लेखांचे वाचन

शासकीय आज्ञापत्र हे इतिहासाच्या अभ्यासकाला साधन वाटते, तर साहित्याच्या अभ्यासकाला ते आपल्या कक्षेबाहेरचे वाटते. याचा परिणाम असा झाला आहे की, ज्या लेखांमुळे लक्षावधी माणसे घरादाराला किंवा प्राणांना मुकली, ते लेख ह्या दोन क्षेत्रांच्या मधल्या पट्टीत पडून राहिले. इतिहासकार त्यांतील तारीख व आकडा उचलतो आणि पुढे जातो. समीक्षक त्यांच्याकडे सहसा वळतच नाही. वस्तुतः हेही लेखनच होय. त्यांचा मसुदा कोणी तरी केलेला असतो, त्यांतील शब्द निवडलेले असतात, आणि ते कोणी तरी वाचावेत व वाचून काही तरी करावे अशी त्यांची अपेक्षा असते. काव्य वाचून वाचकाने काय करावे हा वादाचा विषय असू शकेल. आज्ञापत्राच्या बाबतीत तो वाद संभवत नाही. म्हणूनच वाङ्मयीन वाचनाची शिस्त ह्या लेखांना लावून पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही.

१

ह्या विषयात रूढ झालेले एक मत प्रथम तपासले पाहिजे. ते मत असे की, संहाराची भाषा ही मूलतः सोज्ज्वळ शब्दांच्या आवरणाची भाषा असते. जॉर्ज ऑर्वेल याने १९४६ च्या 'राजकारण आणि इंग्रजी भाषा' ह्या निबंधात राजकीय भाषेच्या ह्या प्रवृत्तीवर बोट ठेवले. नाझी राजवटीची भाषा आतून अनुभवलेल्या व्हिक्टर क्लेम्परर याचा ग्रंथ १९४७ मध्ये आला, आणि तेव्हापासून गुळगुळीत शब्द शोधून काढणे म्हणजेच अशा लेखांची समीक्षा करणे, अशी समजूत दृढ झाली. ह्या समजुतीला आधार नाही असे नाही. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या उपनगरातील वान्झे येथे रायनहार्ड हायड्रिशच्या अध्यक्षतेखाली पंधरा अधिकाऱ्यांची जी बैठक झाली, तिच्या इतिवृत्तात 'मारणे' हे क्रियापद नाही. तेथे 'पूर्वेकडे स्थलांतर' आहे, 'नैसर्गिक घट' आहे, आणि त्यातूनही जे उरतील त्यांना 'योग्य ती वागणूक' देण्याची तरतूद आहे. इतिवृत्त तयार करणाऱ्या आयशमनने १९६१ च्या जेरुसलेम येथील खटल्यात सांगितले की, प्रत्यक्ष बैठकीत बोलणे उघडउघड मारण्याचेच चालले होते.

परंतु ह्या एका लेखावरून सर्वसामान्य नियम काढणे घाईचे होईल. ५ मार्च १९४० रोजी सोव्हिएत पक्षाच्या पॉलिट ब्यूरोने बेरियाच्या प्रस्तावावर जो निर्णय घेतला, त्यात पोलंडमधील १४,७०० युद्धकैदी व ११,००० इतर बंदिवान यांना द्यावयाची शिक्षा स्पष्ट शब्दांत नमूद आहे : गोळी घालणे. त्यांना समोर बोलावू नये व त्यांच्यावर आरोप ठेवू नयेत, हेही तेथे तितक्याच स्पष्टपणे लिहिलेले आहे. प्रस्तावावर स्टालिन, व्होरोशिलोव्ह, मोलोतोव्ह व मिकोयान यांच्या सह्या आहेत. कातिन येथील व अन्यत्रच्या हत्या ह्या निर्णयानुसार झाल्या. १९५९ च्या एका सोव्हिएत टिपणात मारलेल्यांची संख्या २१,८५७ दिलेली आहे. येथे सोज्ज्वळ शब्दाचे आवरण मुळीच नाही. कारण उघड आहे : लेख गुप्त असला की त्याला पडद्याची गरज उरत नाही. तेव्हा गुळगुळीत शब्द हे ह्या लेखप्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण मानता येत नाही. ते लक्षण अन्यत्र, म्हणजे शब्दांपेक्षा वाक्याच्या रचनेत, शोधावयास हवे.

२

जुने मराठी कागद वाचणाऱ्या अभ्यासकाला ह्या कामी एक उपयुक्त सवय लागलेली असते. तो मजकुराकडे वळण्यापूर्वी मायना पाहतो. पत्र कोणी कोणाला लिहिले, लिहिणाऱ्याचा व घेणाऱ्याचा दर्जा काय, हे मायन्यावरून कळते. मजकुराचा अर्थ पुष्कळदा त्यावरच अवलंबून असतो. हीच कसोटी प्रस्तुत लेखांना लावली असता एक लक्षणीय फरक दिसून येतो.

३१ मार्च १४९२ रोजी ग्रानाडा येथे इसाबेला व फर्दिनांद यांनी ज्यूंच्या हकालपट्टीचे जे फर्मान काढले, ते राज्यातील अधिकाऱ्यांना, नगरांना, सर्व प्रजेला व खुद्द ज्यूंनाही उद्देशून आहे. जुलैअखेर राज्य सोडावे, सोने, रूपे व नाणी बरोबर नेऊ नयेत, परत आल्यास देहान्त शासन होईल, हे ज्यांना भोगावयाचे त्यांच्यासमोरच ते वाचले जाणार होते. 'आम्ही आज्ञा करतो' असे राजा-राणी प्रथमपुरुषी म्हणतात. स्पेनमधील मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा दिलेले मुसलमान, यांच्या हकालपट्टीचा निर्णय एप्रिल १६०९ मध्ये गुप्तपणे झाला; तथापि २२ सप्टेंबर रोजी वलेन्सिया येथे त्याचीही दवंडी पिटण्यात आली. पुढील पाच वर्षांत सुमारे तीन लाख लोकांना देश सोडावा लागला.

विसाव्या शतकातील लेखांचा मायना बदलतो. सोव्हिएत गृहखात्याचा ३० जुलै १९३७ चा ००४४७ क्रमांकाचा हुकूम केवळ खात्याच्या प्रांतिक प्रमुखांसाठी आहे. शिक्षेची वेळ व स्थळ यांबाबत संपूर्ण गुप्तता पाळण्याची आज्ञा त्यातच दिलेली आहे. वान्झे येथील इतिवृत्ताच्या तीस प्रती काढण्यात आल्या आणि त्या संबंधित कचेऱ्यांतच फिरल्या. १९४७ मध्ये हाती आली ती सोळाव्या क्रमांकाची प्रत. जुने फर्मान बळी पडणाऱ्याशी बोलते. नवा हुकूम बळी पडणाऱ्याविषयी तिसऱ्याशी बोलतो. पहिल्यात क्रौर्य कमी असते असा याचा अर्थ नव्हे. परंतु पहिल्यात बोलणाराही दिसतो आणि ज्याच्यावर संकट येणार तोही दिसतो. दुसऱ्यात हे दोघेही मागे सरतात, आणि मध्ये उरतो तो अंमलदार. हा लेख खऱ्या अर्थाने त्याच्यासाठी लिहिलेला असतो.

३

मायन्यानंतर मजकुराचा पूर्वार्ध, म्हणजे कारणमीमांसा, विचारात घ्यावयाची. १४९२ च्या फर्मानातील कारणमीमांसा दीर्घ आहे. नवख्रिस्ती झालेल्यांना ज्यू पुन्हा आपल्या धर्माकडे ओढतात. १४८० मध्ये तोलेदो येथील सभेने त्यांच्या वस्त्या वेगळ्या केल्या, नंतर आंदालुसियातून त्यांना घालविले, तरी उपयोग झाला नाही, असा युक्तिवाद पायरीपायरीने रचलेला आहे. ह्या रचनेतील निर्णायक पायरी मात्र वेगळीच आहे. एखाद्या संघातील काही सभासदांनी घोर अपराध केला असता तो संघच विसर्जित करणे व एकासाठी दुसऱ्याला शिक्षा करणे योग्य होय, असे तत्त्व तेथे मांडलेले आहे. मूळ लेखात ह्या ठिकाणी संघवाचक म्हणून जे दोन शब्द येतात, त्यांतील एक 'विद्यापीठ' ह्या अर्थी आज रूढ असलेला शब्द आहे. त्याचा तेव्हाचा अर्थ समूह वा मंडळ असा होता. ह्या तत्त्वाने व्यक्तीचा अपराध समूहाच्या नावे जमा झाला. ह्यापुढे प्रत्येक ज्यूविरुद्ध वेगळा पुरावा देण्याचे कारण उरले नाही. तो ज्यू आहे एवढे सिद्ध झाले की पुरे.

पुढील लेखांनी ही दीर्घ कारणमीमांसा टाकून दिली. तत्त्व मात्र ठेवले. उस्मानी शासनाचा २७ मे १९१५ चा तात्पुरता कायदा पाहावा. त्यात आर्मेनियन हे नाव नाही. लष्करी निकड असल्यास, अथवा हेरगिरी व द्रोह यांचा केवळ 'भास झाल्यास', सेनाधिकारी गावांतील व शहरांतील रहिवाशांना एकेकटे किंवा एकत्रितपणे अन्यत्र पाठवून वसवू शकतील, एवढेच तो म्हणतो. अपराध सिद्ध होण्याची जागा येथे अधिकाऱ्याच्या मनातील जाणिवेने घेतली. शिवाय क्रियापद आज्ञार्थी नसून शक्यार्थी आहे. कायदा 'करा' म्हणत नाही; 'करू शकतील' म्हणतो. सक्तीची स्थलांतरे कायद्यापूर्वीच सुरू झालेली होती. गुप्त तारांनी वेगळे आदेश जात होते. आणि वसविण्याच्या नावाखाली पाठविलेले लक्षावधी लोक वाटेवर व वाळवंटात मारले गेले अथवा उपासमारीने मेले. कायद्याच्या अक्षरांत मात्र ह्यांपैकी काहीच सापडत नाही.

बळीचे नाव न घेण्याची ही पद्धत लोकशाही शासनांतही आढळते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशात जपानी हा शब्द नाही. लष्करी क्षेत्रांतून 'कोणत्याही किंवा सर्व व्यक्तींना' वगळण्याचा अधिकार तेवढा आहे. त्या अधिकाराने निघालेल्या स्थानिक आदेशांत जपानी वंशाच्या 'परकीय व अ-परकीय' अशा सर्वांना घरे सोडण्यास सांगण्यात आले. 'अ-परकीय' म्हणजे नागरिक. नागरिक हा शब्द लिहिला असता तर त्याच्याबरोबर नागरिकाचे हक्कही कागदावर आले असते. नकारार्थी उपसर्गाने ती अडचण टळली. सुमारे १,२०,००० लोक छावण्यांत गेले, आणि त्यांतील बहुसंख्य नागरिकच होते. १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून क्षमायाचना केली व भरपाई दिली. ह्या स्थानबद्धतेचे परिणाम १९१५ च्या संहाराशी एका तराजूत तोलणे चुकीचे होईल. परंतु वाक्यरचनेचे साम्य नजरेआड करणेही तितकेच चुकीचे होईल.

४

आता क्रियापदाचा प्रश्न. हे लेख मराठीत आणू पाहणाऱ्याला येथे एक विशेष अनुभव येतो. मराठीत कर्तरी, कर्मणी व भावे असे तीन प्रयोग व्याकरणकारांनी सांगितले आहेत. 'राजा माणसे हाकलतो' ह्यात कर्ता प्रथमेत आहे. 'राजाने माणसे हाकलली' ह्यात तो तृतीयेत गेला, तरी वाक्यात राहिला. 'राजाने माणसांना हाकलले' ह्या भावे प्रयोगातही तो टिकून आहे. परंतु 'माणसांना हाकलण्यात आले' अशी रचना केली की राजाला वाक्यात जागाच उरत नाही. आणि विशेष म्हणजे त्याची उणीवही भासत नाही. आपल्याकडील कचेरीची मराठी बव्हंशी ह्याच रचनेवर उभी आहे. 'कळविण्यात येते', 'मंजूर करण्यात आले', 'कारवाई करण्यात यावी' ह्या वाक्यांची सवय इतकी जडली आहे की, ती कर्त्याशिवाय आहेत हे ध्यानातही येत नाही. बदली अथवा रजा मंजूर करताना ह्या रचनेने कोणाचे काही बिघडत नाही. तथापि वान्झे येथील इतिवृत्ताचे भाषांतर करू लागताच हीच रचना अनायासे हाताशी येते, आणि भाषांतर विनासायास जमते. ह्या विनासायासपणानेच अभ्यासकाने सावध व्हावयास हवे.

त्या इतिवृत्तात युरोप खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे 'विंचरले जाईल'. कोण विंचरणार ते नाही. मजुरीला लावलेल्यांतील मोठा भाग नैसर्गिक घटीमुळे 'गळून जाईल'. ह्या दुसऱ्या वाक्यात तर मरणारेच कर्त्याच्या जागी बसविले आहेत. ते आपणहून गळतात. त्यांना कोणी गाळत नाही. ००४४७ क्रमांकाच्या हुकुमात आरंभी खातेप्रमुख येझोव्ह 'मी आज्ञा करतो' असे म्हणतो खरे. पण गोळी घालण्याच्या कलमाशी येताच रचना पालटते. पहिल्या वर्गात मोडणारे लोक तात्काळ अटकेस, आणि त्यांच्या प्रकरणांचा त्रिसदस्य मंडळाने विचार केल्यानंतर गोळीस, 'पात्र' आहेत. 'मारा' हे क्रियापद नाहीसे झाले आणि 'पात्र असणे' हा मरणाऱ्याचा गुण झाला. शब्द बोथट नाही, 'गोळी' हा शब्द तेथे स्पष्ट आहे. बोथट झाला आहे तो कर्ता. आवरणाच्या सिद्धान्ताला जे दिसले नाही ते हेच होय.

अमेरिकेच्या २८ मे १८३० च्या कायद्यात ह्या रचनेचे आणखी एक रूप आढळते. तेथे मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील जमिनींची आदिवासी जमातींशी 'अदलाबदल' करण्याची तरतूद आहे, आणि जी जमात तशी अदलाबदल करणे पसंत करील तिच्यापुरतीच ती आहे. म्हणजे येथे कर्ता आहे. परंतु कर्तेपण जाणाऱ्याच्या पदरात टाकलेले आहे. चेरोकी जमातीतील एका छोट्या गटाशी १८३५ मध्ये करार करून ही पसंती मिळविण्यात आली. जमातीच्या बहुसंख्येने नोंदविलेला विरोध निष्फळ ठरला, आणि १८३८ मध्ये सैन्याने सुमारे सोळा हजार लोकांना हलविले. त्यांतील सुमारे चार हजार मेले असा प्रचलित अंदाज आहे. कायद्यातील 'पसंत करील' हे क्रियापद व प्रत्यक्षातील सैन्य यांच्यामधील अंतर हाच त्या लेखाचा खरा आशय होय.

५

कर्ता जेथून निघून गेला ती जागा रिकामी राहत नाही. तेथे आकडा येऊन बसतो. ००४४७ क्रमांकाच्या हुकुमात प्रांतवार तक्ता आहे. मॉस्को प्रांत : पहिला वर्ग ५,०००, दुसरा वर्ग ३०,०००. पहिला वर्ग म्हणजे गोळी, दुसरा म्हणजे आठ ते दहा वर्षे छावणी अथवा तुरुंग. बहुतेक प्रांतांत मोहीम ५ ऑगस्टला सुरू व्हावयाची, ती चार महिन्यांत संपवावयाची, आणि खर्चासाठी ७.५ कोटी रूबल ठेवलेले. सर्व संख्या पूर्णांकी आहेत, आणि माणसे हाती लागण्यापूर्वीच त्या ठरलेल्या आहेत. एकूण मर्यादा २,६८,९५० होती. त्यांत गोळी घालावयाचे ७५,९५०. हा आकडा स्वतःहून वाढविण्यास प्रांतिक प्रमुखांना मनाई होती; सकारण विनंती करण्याची मात्र मुभा होती.

ही मुभा म्हणजेच लेखातील मोकळी जागा. तिचे पुढे काय झाले ते उपलब्ध कागदांवरून कळते. ओम्स्क प्रांताला पहिल्या वर्गासाठी १,००० ही मर्यादा मिळाली होती. ऑगस्टमध्येच तेथील प्रमुखाने ती ८,००० पर्यंत वाढवून मागितली आणि स्टालिनने ती मान्य केली. अशा विनंत्या अनेक प्रांतांतून आल्या. चार महिन्यांची मोहीम पुढच्या वर्षापर्यंत लांबली, आणि अखेरीस ह्या एका हुकुमाखाली सुमारे ७,६७,००० लोकांना शिक्षा होऊन त्यांतील सुमारे ३,८७,००० मारले गेले. मूळ तक्त्यातील संख्येच्या पाचपट माणसे कोणी मारली? हुकुमाने, असे उत्तर देणे सोपे आहे. पण हुकुमात तो आकडा नाही. तो हुकूम वाचणाऱ्यांनी त्यात लिहिला.

आकड्याचे दुसरे एक रूप १६०९ च्या वलेन्सियातील दवंडीत आहे. मोरिस्कोंना तीन दिवसांत निघण्याचा हुकूम देताना शंभर घरांतील सहा घरे मागे ठेवण्याची सवलत तेथे आहे. आणि तिचे कारणही प्रांजळपणे दिले आहे : घरे, उसाची गुऱ्हाळे, भाताची पिके व पाटबंधारे यांची राखण व्हावी म्हणून. ज्यांच्या श्रद्धेविषयी एवढा संशय, त्यांच्या हातांविषयी मात्र शासनाला संशय नव्हता. कारणमीमांसेत धर्म व राज्याची सुरक्षितता यांचा उच्चार करणारा लेख आकड्याशी येताच खरे बोलू लागतो. म्हणून अशा लेखांत अपवादाची कलमे मुख्य कलमांपेक्षा अधिक काळजीपूर्वक वाचावयास हवीत.

६

येथे एक आक्षेप संभवतो. संहार हा भाषेने होत नाही, शस्त्राने व सत्तेने होतो. प्रयोगविचाराचा त्याच्याशी संबंध काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि भाषेला सर्वशक्तिमान मानण्याची चूक समीक्षेने करू नये. परंतु हे लेख कसे वाचावेत ह्या प्रश्नावर व्यवहारातील दोन मोठे वाद आजही अवलंबून आहेत. एक पक्ष म्हणतो की, ज्या कागदात मारण्याचा शब्द नाही तो मारण्याचा पुरावा नव्हे. १९१५ च्या कायद्याविषयी व वान्झे येथील इतिवृत्ताविषयी हा युक्तिवाद वारंवार केला गेला आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, वरून हुकूम होता म्हणून खालचे निर्दोष. दोन्ही पक्षांची चूक एकच आहे : अर्थ संपूर्णपणे कागदात असतो असे दोघेही गृहीत धरतात. वर पाहिलेल्या लेखांचा अर्थ कागदात जेवढा आहे तेवढाच त्याच्या वाचकांनी केलेल्या कृतीत आहे. कर्त्याची जागा मोकळी ठेवून लिहिलेले वाक्य वाचकाने ती जागा घेतल्यावरच पूर्ण होते.

ह्याचा प्रत्यय उलट बाजूनेही येतो. १९१५ मध्ये प्रथम अलेप्पोचा व नंतर कोन्याचा गव्हर्नर असलेल्या जलाल बे याने तोच कायदा, तेच आदेश वाचले. पण ती जागा घेण्याचे त्याने नाकारले, आणि कोन्यातील आर्मेनियनांची रवानगी जमेल तोवर थोपवून धरली. शासनाने त्याला पदावरून दूर केले. कुताह्या येथील प्रशासक फाइक अली याने आपल्या जिल्ह्यातील आर्मेनियनांना पाठविण्यास नकार दिला. तो कवीही होता. अशी उदाहरणे थोडी आहेत, आणि त्यांनी एकंदर परिणाम फारसा बदलला नाही. तथापि त्यांच्यामुळे एक गोष्ट निर्विवाद ठरते. वाक्यात कर्ता नव्हता म्हणून कर्ता अस्तित्वातच नव्हता, असे म्हणता येत नाही. नकार देऊ शकणारा माणूस त्या जागी उभा होता.

वान्झे येथे जमलेल्या पंधरा जणांपैकी निम्म्याहून अधिक विद्यापीठांची डॉक्टर ही पदवी मिळविलेले होते. उत्तम मसुदा करणे, नेमके वर्गीकरण करणे, तक्ता मांडणे ही कौशल्ये विद्यापीठेच शिकवितात, आणि ती शिकविलीच पाहिजेत. त्यांच्या जोडीला कर्त्याशिवाय लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला 'कोणी?' असा प्रश्न विचारण्याची सवयही शिकविली जाते की नाही, हे पाहणे भाषेच्या विभागांचे काम आहे. १४९२ चे फर्मान स्पेनच्या शासनाने १९६८ मध्ये औपचारिक रीत्या रद्दबातल ठरविले. कातिनचा निर्णय आणि ००४४७ क्रमांकाचा हुकूम हे १९९२ मध्ये प्रकाशात आले. रद्द करणे व प्रकाशित करणे ही शासनाची कामे होत. त्या वाक्यांत कर्ता परत आणून बसविणे हे वाचकाचे काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शासनाच्या परवानगीची आवश्यकता नाही.